व्यक्तिमत्त्व चाचणीचा अहवाल हातात पडल्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत व्यक्तिमत्त्व चाचण्यांवर आलेला लेख वाचला. नोकरीच्या मुलाखतीपासून विवाहपूर्व समुपदेशनापर्यंत या चाचण्या कशा पसरल्या आहेत, याचा त्यात चांगला आढावा होता. मात्र चाचणी दिल्यानंतर हातात पडणाऱ्या अहवालाचे नेमके करायचे काय, हा प्रश्न लेखाने ‘स्वतःला ओळखा आणि स्वीकारा’ एवढ्यावर सोडून दिला आहे. पिंपरी-चिंचवड परिसरातल्या कारखान्यांत कार्मिक विभागात माझी सारी नोकरी गेली. अशा कार्यशाळा भरवणे, त्यांची बिले मंजूर करवून घेणे आणि पुढे त्यांचे काय होते ते पाहणे, हे माझ्या कामाचाच भाग होते. त्या अनुभवावरून मला असे वाटते की, वर्तनावर आधारलेली चाचणी आत्मपरीक्षणाला खरोखरच उपयोगी पडते. पण तिचा निकाल एखाद्या बिरुदात न ठेवता रोजच्या प्रसंगांत उतरवून पाहिला, आपल्याला जवळून पाहणाऱ्या माणसाकडून तो तपासून घेतला आणि त्यातली एखादी सवय बदलायला घेतली, तरच.

कारखान्यांतल्या प्रशिक्षणात मला सर्वांत जास्त भेटलेली चाचणी म्हणजे ‘डिस्क’. तिचे मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९२८ सालच्या ग्रंथात आहे. सर्वसामान्य, म्हणजे मनोरुग्ण नसलेली, माणसे भोवतालच्या परिस्थितीला चार प्रकारे सामोरी जातात, अशी त्याची मांडणी होती: कोणी तिच्यावर कुरघोडी करतो, कोणी इतरांना आपल्या बाजूला वळवून घेतो, कोणी जुळवून घेतो आणि कोणी नियमांच्या आधाराने सावधपणे वागतो. हा गृहस्थ मोठा बहुरंगी होता. रक्तदाबावरून खोटे पकडण्याची पद्धत त्यानेच पुढे आणली, ती १९२३ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने पुरावा म्हणून नाकारली आणि १९४१ मध्ये ‘वंडर वुमन’ ही चित्रकथेतली नायिकाही त्यानेच जन्माला घातली. तिच्या हातात, ज्याच्याभोवती पडेल त्याला खरे बोलायला लावणारा दोर असावा, यात नवल ते काय! परंतु ज्या डिस्क चाचणीशी त्याचे नाव आज जोडले जाते, ती त्याने तयार केलेली नाही. त्याच्या सिद्धान्तावरून पुढे वॉल्टर क्लार्क आणि इतर औद्योगिक मानसशास्त्रज्ञांनी प्रश्नावल्या रचल्या आणि त्यांच्या अनेक आवृत्त्या निरनिराळ्या कंपन्या आजही विकतात. तेव्हा ‘आम्ही डिस्क करतो’ असे कोणी सांगितले, तर कोणाची आणि कोणत्या नोंदींवर पारखलेली, हे विचारायलाच हवे.

या चाचणीच्या रचनेतली एक गोष्ट प्रशिक्षक क्वचितच समजावून सांगतात. अनेक आवृत्त्यांत चार-चार शब्दांचे गट दिलेले असतात. ठाम, मनमिळाऊ, संयमी, काटेकोर अशा चारांतून ‘मला सर्वाधिक लागू’ आणि ‘सर्वांत कमी लागू’ असे एकेक निवडायचे असते. याचा अर्थ असा की, एक बाजू वर गेली की दुसरी आपोआप खाली येते. जो माणूस ठामही आहे आणि काटेकोरही, त्यालाही दोहोंपैकी एकावर खूण करावीच लागते. त्यामुळे आपल्यातल्या कोणत्या प्रवृत्तीचे पारडे जड आहे, हे त्यातून कळू शकते. परंतु शेजारच्या टेबलावरच्या माणसापेक्षा आपण अधिक ठाम आहोत की कमी, हे या पद्धतीच्या गुणांवरून सांगता येत नाही. आणि कार्यशाळेत तर नेमके तेच चालते. फलकावर सगळ्यांची नावे चार प्रकारांच्या चार रंगांत लिहिली जातात, लाल गट आणि निळा गट आमनेसामने उभे केले जातात, हशा पिकतो आणि चहाच्या सुट्टीपर्यंत कोण कोणाचा वरिष्ठ शोभतो, याचे निकालही लागलेले असतात.

त्यानंतरचे चित्र मला चांगले आठवते. सोमवारी काही टेबलांवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या दिसत आणि आठवडाभरात ‘मी हाय डी आहे, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका’ (‘डी’ म्हणजे डिस्कमधला कुरघोडी करणारा प्रकार) ही भाषा सुरू होई. ज्या अहवालाने माणसाला आरसा दाखवायचा, तोच त्याच्या हातात सूट मिळाल्याचा दाखला बनून बसे. पूर्वी जो आपल्या तापटपणाबद्दल निदान ओशाळत होता, त्याला आता त्या तापटपणासाठी एक छापील आणि इंग्रजी नाव मिळालेले असे.

मात्र याच कार्यशाळेतून एका सुपरवायझरने जे करून घेतले, तेही सांगण्यासारखे आहे. त्याच्या अहवालात ‘निर्णय झटपट घेतात; इतरांचे ऐकून घेण्यात कमी पडू शकतात’ असे वाक्य होते. अशी वाक्ये हजारोंच्या अहवालांत असतात. या गृहस्थाने ते वाक्य घेऊन, आपण कमी पडतो ते नेमके केव्हा, असा स्वतःला प्रश्न केला. घरी नाही, मित्रांत नाही, मालाच्या बैठकीतही नाही. कमी पडतो ते सकाळी पाळी बदलताना, रात्रपाळीचा ऑपरेटर मशीनची तक्रार सांगत असतो तेव्हा. कारण त्याच वेळी आदल्या दिवशीचे रिजेक्शनचे आकडे वर कळवायचे असतात आणि डोके तिकडे असते. मग त्याने डायरीत लिहिले, ‘ऑपरेटर तक्रार सांगू लागला की त्याचे बोलणे संपेपर्यंत मी हातातला कागद खाली ठेवीन आणि मगच सूचना देईन.’ एवढेच. त्यात ‘मी चांगला श्रोता बनेन’ असला संकल्प नव्हता. अमुक घडले की मी तमुक करीन, असे प्रसंगाला बांधलेले ठरवणे नुसत्या इच्छेपेक्षा अधिक तडीस जाते, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनामुळे आता सर्वमान्य आहे. या सुपरवायझरला ते नाव ठाऊक नव्हते. काही दिवसांनी त्याने त्याच ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारले, ‘काही फरक पडलाय का?’ उत्तर मिळाले, ‘साहेब, कागद खाली ठेवता, पण घड्याळाकडे बघता.’ त्यावरही त्याने काम केले. त्याचा मूळ स्वभाव पालटला असे मी म्हणणार नाही, त्याचा आवाज शेवटपर्यंत चढाच राहिला. परंतु स्पिंडलचा आवाज बदलला आहे, शीतक कमी येते आहे, अशा बारीक गोष्टी मशीन बंद पडण्याआधी त्याच्या कानावर येऊ लागल्या, कारण त्या सांगून उपयोग होतो हे माणसांना कळले होते.

आता चाचण्यांच्या विश्वासार्हतेबद्दल. ‘मायर्स-ब्रिग्ज’ ही सोळा प्रकारांची, प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरांचे नाव देणारी चाचणी सर्वांच्या तोंडी असते. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या सिद्धान्तावरून ती बेतली. तिची मोठी अडचण अशी की, ती माणसाला मध्यावर कापते. बहुतेक माणसे बहिर्मुख आणि अंतर्मुख यांच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी असतात, आणि मध्यरेषेच्या अलीकडचा-पलीकडचा जो किरकोळ फरक आहे, त्याला ही चाचणी दोन वेगळ्या जातींचे रूप देते. दहावीला ३४ आणि ३५ गुण मिळवणाऱ्यांत जेवढा फरक, तेवढाच तो खरा असतो. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांच्या चार अक्षरांतले एखादे तरी बदलते, ते यामुळेच.

विद्यापीठीय संशोधनात ज्या मांडणीला सर्वाधिक मान्यता आहे, ती ‘बिग फाइव्ह’ ही पाच गुणांची मांडणी. तिच्यामागची कल्पना मला आवडते. माणसांतले महत्त्वाचे फरक भाषेने आधीच टिपून ठेवलेले असणार, असे गृहीत धरून गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी ते चाळत, एकत्र येणाऱ्या शब्दांचे गट पाडत नवेपणाची ओढ, कर्तव्यतत्परता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता असे पाच पट्टे शोधले. इथे माणूस प्रकारात बसत नाही. प्रत्येक पट्ट्यावर तो कमी-अधिक असतो. हे पट्टे मोजण्यासाठी चाचणीत विचारली जाणारी बरीचशी विधाने लुइस गोल्डबर्ग यांच्या पुढाकाराने सर्वांना विनामूल्य खुली केलेली आहेत, त्यामुळे आत्मपरीक्षणासाठी हजारो रुपये मोजण्याची मुळीच गरज नाही.

तरीही ही विधाने मराठी घरात वाचताना जपून वाचावी लागतात. ‘मी माझ्या वस्तू इकडे-तिकडे टाकते’, ‘घरातली कामे लगेच उरकते’ ही त्यांतली दोन. नव्याने लग्न होऊन सासरी आलेली मुलगी यांना काय उत्तर देईल? माहेरी तिची ओढणी खुर्चीवर, पुस्तके पलंगावर आणि चहाचा कप खिडकीत असे. सासरी कप विसळल्याशिवाय ती स्वयंपाकघराबाहेर पडत नाही. चाचणी तिला कर्तव्यतत्परतेत भरघोस गुण देईल आणि ती स्वतःही कदाचित ते खरे मानेल. वर्तन मोजताना ते वर्तन स्वभावातून आले की धाकातून, हे प्रश्नावलीला दिसत नाही. ते उत्तर देणाऱ्यालाच तपासावे लागते. माणूस प्रसंगानुसार किती बदलतो, हा मुद्दा वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये इतक्या जोराने मांडला की, स्वभाव नावाची स्थिर गोष्ट आहे तरी का, यावर पुढे कित्येक वर्षे वाद झाला. आज बहुतेक जण मध्यममार्ग मानतात: एकेका प्रसंगातले वागणे स्वभावावरून फारसे सांगता येत नाही, अनेक प्रसंगांची सरासरी मात्र बऱ्यापैकी सांगता येते. म्हणूनच प्रत्येक विधानापुढे ‘कुठे? कोणासमोर?’ असे पेन्सिलीने लिहिण्याची सवय मी कार्यशाळेत येणाऱ्यांना लावत असे. प्रशिक्षकांना ते आवडत नसे, कारण त्यात वेळ जातो.

अहवाल वाचून ‘अगदी माझेच वर्णन!’ असे वाटणे ही चाचणी खरी असल्याची खूण नव्हे. बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने १९४८ मध्ये आपल्या वर्गाला व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याचे स्वतंत्र वर्णन ठेवले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४ हून अधिक गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर मिळाला होता आणि तोही फोरर यांनी ज्योतिषाच्या एका पुस्तकावरून जमवलेला. ‘तुम्ही वरून शिस्तबद्ध दिसता, पण आतून अनेकदा अस्वस्थ असता’ हे कोणाला लागू पडत नाही? (आपल्या पुरवणीच्या शेवटच्या पानावरील साप्ताहिक भविष्य याच बळावर टिकून आहे, हे संपादक महोदय राग न मानता मान्य करतील.) त्यामुळे अहवालातले जे वाक्य शेजाऱ्यालाही तितकेच बसेल ते खोडावे आणि जे वाचताना किंचित टोचेल त्याच्याजवळ थांबावे, असा माझा साधा नियम आहे.

टोचणारे वाक्य खरे की खोटे, हे ठरवायला दुसरा माणूस लागतो. निंदकाचे घर शेजारी असावे, हे आपण शाळेपासून ऐकतो. संशोधनाने त्याला थोडी मर्यादा घातली आहे. सिमीन वझीरे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, मनातली धास्ती, चिंता यांबाबत माणूस स्वतःच अधिक खरे सांगतो, कारण ती बाहेर दिसत नाहीत. परंतु बुद्धी, कल्पकता अशा, ज्यांबद्दल आपला अहंकार गुंतलेला असतो त्या बाबतीत मित्रांचा अंदाज अधिक बरोबर निघतो. म्हणजे ‘मला आतून भीती वाटते’ हे माझ्याकडून ऐका आणि ‘मी समजूतदार आहे’ हे माझ्या मैत्रिणीला विचारा. सैन्यदलांच्या अधिकारी निवडीत ‘एसएसबी’ या निवड मंडळाच्या मानसशास्त्रीय चाचण्यांमध्ये स्ववर्णनाचा एक भाग असतो. आईवडील, शिक्षक आणि मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात आणि तुम्हाला स्वतःबद्दल काय वाटते, असे त्यात थोड्या वेळात लिहायचे असते. निवडीची गोष्ट सोडून दिली, तरी हा कागद घरी बसून प्रामाणिकपणे लिहून पाहण्यासारखा आहे. आई काय म्हणते आणि मित्र काय म्हणतात, यांत जिथे विसंगती येते, तिथे कोणत्याही रंगीत आलेखापेक्षा जास्त ऐवज सापडतो.

माणूस बदलतो का, हा पुढचा प्रश्न. वाढत्या वयाबरोबर सरासरीने कर्तव्यतत्परता वाढते आणि भावनिक चढउतार कमी होतात, हे अनेक देशांतल्या दीर्घकालीन अभ्यासांत दिसले आहे. ठरवून बदलता येते का, हे नॅथन हडसन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर पाहिले व २०१९ मध्ये मांडले. ज्यांना स्वतःतला एखादा गुण बदलायचा होता, त्यांना १५ आठवडे दर आठवड्याला छोटी-छोटी आव्हाने निवडायला दिली. अधिक मिसळायचे असेल, तर दुकानातल्या गल्ल्यावरच्या माणसाला नमस्कार करा, इतकी साधी. ज्यांनी ती पार पाडली त्यांच्यात फरक दिसला. ज्यांनी नुसतीच स्वीकारली आणि केली नाहीत, त्यांना त्या स्वीकारण्याचा काहीच लाभ झाला नाही. कार्यशाळेच्या शेवटी गोलाकार बसून सर्वांनी मोठ्याने केलेले संकल्प आठवून मला यात आश्चर्य वाटले नाही.

आपल्या परंपरेत याची बीजे आहेत का, असे कोणी विचारले, तर मी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाकडे बोट दाखवीन. समर्थांनी तिथे मूर्खाची लक्षणे सांगितली, ती जवळजवळ सगळी कृतींच्या रूपात आहेत: दोघे बोलत असता मध्ये जाऊन बसणे, स्वतःची स्तुती करणे, वडिलांच्या कीर्तीवर मिरवणे. वाचताना ‘हे मी कालच केले’ असे प्रत्येकाला कुठे ना कुठे वाटतेच आणि त्यातली प्रत्येक गोष्ट उद्यापासून थांबवता येण्याजोगी आहे. त्याच दशकात पढतमूर्खासाठी स्वतंत्र समास ठेवला आहे, हेही आम्हा प्रशिक्षण देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दुरुपयोगाबद्दल थोडक्यात. आत्मज्ञानासाठी म्हणून घेतलेल्या चाचणीचा अहवाल कर्मचाऱ्याच्या फाइलला लागला की ती चाचणी संपली. पुढच्या वेळी प्रत्येक जण व्यवस्थापनाला हवे तेच उत्तर देतो. मायर्स-ब्रिग्जच्या प्रकाशकांनीच ती नोकरभरतीसाठी वापरू नये असे म्हटलेले आहे, तरी सर्रास वापर होतो. मुलांच्या बाबतीत तर अधिक काळजी हवी. आपल्या राज्यात २०१६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली, तेव्हा शेती, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांकडील ओढ त्यात पाहिली जात होती. ओढ म्हणजे स्वभाव नव्हे आणि क्षमताही नव्हे, पण अनेक घरांत तो कागद भविष्याचा निकाल म्हणूनच वाचला गेला. आणि बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी व स्वभाव सांगणारी जी ‘डीएमआयटी’ नावाची चाचणी पालकांना विकली जाते, तिला तर कोणताही शास्त्रीय आधार नाही; ती वर्तनाकडे पाहतसुद्धा नाही. तसेच सततची निराशा, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे, यांना व्यक्तिमत्त्व चाचणी हे उत्तर नव्हे. तिथे डॉक्टरांकडे जावे किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. अशा चाचण्यांच्या जाहिराती आणि लेख आपण छापताच. त्यांच्यासोबत चाचणी कोणी तयार केली, ती मराठीत कोणी आणली, तिच्या सरासऱ्या भारतीय लोकांच्या उत्तरांवरून काढल्या आहेत की परदेशी, आणि अहवाल चाचणी देणाऱ्याव्यतिरिक्त आणखी कोणाच्या हाती जातो, एवढी चार उत्तरे छापण्याचा आग्रह धरावा. आणि कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागात काम करणाऱ्या माझ्या नंतरच्या सहकाऱ्यांनी कार्यशाळेच्या खर्चातला काही भाग बाजूला काढून दोन-तीन महिन्यांनी त्याच माणसांना पुन्हा तासभर एकत्र बसवावे, कोणी कोणती सवय बदलायला घेतली होती आणि ती जवळच्यांच्या लक्षात आली का, एवढेच विचारावे. त्या बैठकीसाठी कोणताही परवाना किंवा सॉफ्टवेअर लागत नाही, त्यामुळे तिचे बिल लावणारे कोणी नसते. ती होत नाही, याचे एक कारण हेही असावे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी,
चिंचवड, पुणे